‘मला जायचंय’: जुलाब म्हणून नोंदवलेल्या बद्धकोष्ठाचं प्रकरण

संध्याकाळी ६.४० वाजता मी औषधांच्या तक्त्यावर सही केली: लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, २ मिग्रॅ, तोंडावाटे. मनगटावरची पट्टी वाचली होती, आजींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं होतं, आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला आदेश लिहून त्यांना परत वाचून दाखवला होता. गोळीचं पाकीट तीनदा तपासलं होतं: कपाटातून काढताना, वाटीत ठेवताना, आणि खाटेपाशी. रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा, मार्ग आणि वेळही बरोबर. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकवलेल्या पाचही गोष्टी जुळल्या होत्या. तरीही ती गोळी त्या आजींना द्यायला नको होती.

त्या एका सहीपर्यंत गोष्ट कशी पोहोचली, हे मला सांगायचं आहे. रुग्णाची ओळख पटेल असं काही इथे नाही.

आजी आणि त्यांची औषधं

वय ७८, वजन ५२ किलो. पडल्यामुळे उजव्या खुब्याशी मांडीच्या हाडाची मान मोडली होती. मोडलेला गोळा काढून त्या जागी कृत्रिम गोळा बसवण्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे हेमिआर्थ्रोप्लास्टी. आधीपासून रक्तदाब होता, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं (म्हणजे मूत्रपिंडं जरा कमजोर), आणि पाठदुखीसाठी कित्येक वर्षं रात्री ॲमिट्रिप्टिलीन २५ मिग्रॅ चालू होती. ऐकायला कमी येई, पण बोलणं स्वच्छ होतं आणि स्मरणशक्ती चांगली. घरी त्या स्वतः चालत शौचालयात जात, आणि रोज सकाळी पोट साफ होत असे. हे शेवटचं वाक्य त्यांच्या दाखल होतानाच्या नोंदीत नव्हतं. मला ते त्यांच्या मुलीने सहाव्या दिवशी सांगितलं, कारण तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी ट्रामाडॉल ५० मिग्रॅ दिवसातून तीनदा सुरू झालं. पॅरासिटामॉल ‘लागेल तेव्हा’ असं लिहिलेलं होतं. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, दोन वेळा लोहाची गोळी, कॅल्शियम, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शन, आणि रात्रीची ॲमिट्रिप्टिलीन पूर्वीसारखीच.

हीच यादी आतड्याच्या बाजूने वाचली तर काय दिसतं? ट्रामाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामकांच्या गटातलं औषध. आतड्याच्या भिंतीतल्या ओपिऑइड ग्राहकांवर (रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा) ते काम करतं, मग आतड्याची पुढे ढकलणारी लाट मंदावते. मळ जास्त वेळ आत राहतो, त्यातलं पाणी जास्त शोषलं जातं आणि तो कडक होतो. ओपिऑइडमुळे येणारी मळमळ आणि झोप काही दिवसांत शरीराच्या अंगवळणी पडते, बद्धकोष्ठ मात्र अंगवळणी पडत नाही. औषध चालू असेपर्यंत ते सोबत असतं. ॲमिट्रिप्टिलीन ॲसिटिलकोलीनचं, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोहोचवणाऱ्या रसायनाचं काम रोखते. त्यामुळे आतडं तर सुस्तावतंच, शिवाय मूत्राशयाच्या स्नायूलाही जोर लावता येत नाही. लोह, कॅल्शियम आणि ऑन्डान्सेट्रॉन हे तिघंही बद्धकोष्ठाकडे झुकणारे. त्यात आजी खाटेवर, हालचाल नाही, पाणी पिणं कमी. एका बाजूला इतकी कारणं साचली होती आणि दुसऱ्या बाजूला रेचक म्हणून एक थेंबही लिहिलेला नव्हता.

ही यादी मी रोज दोनदा वाचत होते. पण ‘आता कोणती गोळी द्यायची’ एवढंच बघून.

पहिले पाच दिवस

आमच्या वॉर्डात औषधांचा तक्ता ट्रॉलीवर असे आणि इनटेक-आउटपुटचा (पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं याचा) तक्ता खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला असे. पहिला सिस्टर भरत. दुसरा बहुतेक वेळा मावशींनी तोंडी सांगितलेल्या माहितीवरून, ड्युटी संपता संपता भरला जाई. दोन्ही कागद एकाच वेळी एकाच माणसाच्या हातात आहेत, असा प्रसंग या पाच दिवसांत एकदाही आला नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेला फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता काढला. तो लवकर काढणं योग्यच, कारण आत राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक संसर्गाचा धोका वाढतो. मात्र काढल्यानंतर चार ते सहा तासांत रुग्णाला लघवी झाली का आणि किती झाली, हे मोजून लिहावं लागतं. आजींना उठताना दुखत होतं म्हणून डायपर लावला गेला. दुपारी १ वाजता नोंद झाली: ‘डायपर ओला’. ती वाचून सगळ्यांनी धरून चाललं की लघवी झाली.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तेच. ‘डायपर ओला’ पाच वेळा, सहा वेळा. मिलीलिटरचा रकाना कोरा. पोटात रोज सुमारे १४०० मिली जात होतं, पण बाहेर किती पडतंय हे कुणालाच सांगता आलं नसतं. डायपर मोजणं अवघड नाही. कोरा डायपर एकदा वजन करून ठेवायचा, ओल्याच्या वजनातून ते वजा करायचं, आणि एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचं. आम्ही वजन केलं असतं तर दर वेळी ४०–५० ग्रॅम भरले असते. काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब ओसंडणारी लघवी नेमकी अशीच दिसते: वारंवार, थोडी थोडी, आणि डायपर कायम ओला.

शौचाच्या रकान्यात पाचही दिवस आडवी रेघ होती. या रेघेबद्दल मला दोन शब्द सांगायचे आहेत. रेघेचा अर्थ ‘झाली नाही’ असा होतो, ‘विचारलं नाही’ असाही होतो, आणि ‘माझ्या ड्युटीत तरी नाही’ असाही. प्रत्येक ड्युटीची स्वतःची रेघ असते, त्यामुळे कुणालाही पाच दिवस दिसत नाहीत. प्रत्येकीला आपले आठ तास तेवढे दिसतात.

पाचव्या दिवशी दुपारपासून मावशींनी तीनदा सांगितलं, ‘सिस्टर, आजींना पातळ होतंय.’ तिसऱ्या वेळी मी स्वतः पाहिलं. डायपरवर तळहाताएवढा तपकिरी पाण्याचा डाग होता, वास उग्र होता, आणि मळ असा नव्हताच. मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाले, ‘आजींना तीन जुलाब झालेत.’

माझी चूक याच वाक्यात आहे. मी जे पाहिलं ते सांगितलं नाही, त्यावर लावलेलं नाव सांगितलं. पाहिलेलं सांगायचं असतं तर मी म्हटलं असतं: शस्त्रक्रियेपासून एकदाही शौच नाही, ट्रामाडॉल चालू आहे, आज तीन वेळा थोडंसं घाण पाणी आलं, मळ नाही, पोट अजून तपासलेलं नाही. हे ऐकून कुठल्याही डॉक्टरांनी लोपेरामाइड सांगितलं नसतं. तीन जुलाब ऐकल्यावर मात्र तोच आदेश येणं स्वाभाविक होतं: ‘आत्ता २ मिग्रॅ द्या, परत पातळ झालं तर परत २ मिग्रॅ.’ २४ तासांत जास्तीत जास्त किती, दोन मात्रांमध्ये किती अंतर, यातलं काहीच मी विचारलं नाही.

लोपेरामाइड आतड्यातल्या त्याच ओपिऑइड ग्राहकांवर काम करतं. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते वेदनाशामक नाही. पण आतड्यापुरतं पाहिलं, तर आधीच थांबलेल्या गाडीला आम्ही आणखी एक ब्रेक लावला. रात्री ११ वाजता पुन्हा डाग दिसला आणि आदेशाप्रमाणे दुसरी गोळीही दिली गेली.

रात्र

मध्यरात्रीनंतर आजी खाटेवरून उतरायला लागल्या. कपडे ओढायच्या, सलाइनच्या नळीला हात घालायच्या, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या: ‘मला जायचंय.’

मुलगी रात्री सोबत होती. तिने सिस्टरना सांगितलं की आईला घरची आठवण येतेय. सिस्टरही आजींना समजावत राहिल्या, ‘आजी, दोनच दिवसांत सोडणार आहेत, मग घरीच जायचंय.’ कागदावर नोंद अशी आहे: ‘रुग्ण अस्वस्थ, गोंधळलेली, घरी जाण्याचा आग्रह.’ ड्युटीवरच्या डॉक्टरांनी गरज पडल्यास शांत करणारं हॅलोपेरिडॉल ०.५ मिग्रॅ द्यायला सांगून ठेवलं होतं. पहाटे चारच्या सुमारास थकून आजींचा डोळा लागला, म्हणून ते द्यावं लागलं नाही. दिलं असतं तर कदाचित सकाळी आम्ही एका शांत रुग्णाचा हँडओव्हर घेतला असता आणि आणखी एक दिवस गेला असता.

आपल्या भाषेत ‘जायचंय’ म्हणजे काय, हे लहान मुलाची आईसुद्धा जाणते. आजींच्या पिढीतल्या बाईने परक्यांच्या खोलीत संडास किंवा लघवी हे शब्द उच्चारणं मुश्कील. ती ‘जायचंय’ एवढंच म्हणणार. रात्रभर त्या नेमकं दुखणं सांगत होत्या. आम्ही त्याला गावी निघालेल्या माणसाचं बोलणं समजलो.

वयस्कर माणूस एकाएकी असा गोंधळला की आधी शरीराकडे पाहायचं असतं: ताप, साखर, ऑक्सिजन, वेदना, नवी औषधं. त्याच यादीत तुंबलेलं मूत्राशय आणि अडकलेला मळही येतो. ही दोन कारणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर शोधता येण्याजोगी, कारण ती शोधायला हात पुरतो.

सहावा दिवस, सकाळ

आदल्या संध्याकाळची ड्युटी करून मी सकाळी परत आले होते. स्पंज करताना ओटीपोटावरून ओला कपडा फिरवला आणि हात थांबला. बेंबीच्या जरा खालपर्यंत आलेला, गोल, ताणलेला उंचवटा होता. हलकेच दाबल्यावर आजींनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, ‘जायचंय गं.’ बोटांनी ठोकून पाहिलं तर आवाज बद्द. डावीकडे खाली, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणापाशी, दोरखंडासारखं काहीतरी कडक हाताला लागत होतं.

ब्लॅडर स्कॅनरने ८८० मिली दाखवलं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं, आणि जाण्याची भावना त्याच्या निम्म्यावरच होऊ लागते.

डॉक्टरांना फोन करताना या वेळी मी मोजलेलं आणि पाहिलेलं तेवढंच सांगितलं. ते लगेच आले.

आधी कॅथेटर. एरवी साधं असलेलं हे काम खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नीट आखावं लागतं, कारण दोन्ही पाय नेहमीसारखे वाकवून फाकवता येत नाहीत. डावा, न दुखणारा पाय गुडघ्यात वाकवून बाजूला घेतला, उजवा सरळ ठेवून उशीने आधार दिला, आणि दुसऱ्या सिस्टरने दिवा धरला. निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक कापड, आणि पुसायचं पुढून मागे, प्रत्येक बोळा एकदाच. ज्या हाताने भगोष्ठ बाजूला धरतो तो हात तिथून हलवायचा नाही; तो आता निर्जंतुक राहिलेला नसतो. १४ फ्रेंच मापाचा कॅथेटर घेतला. बाईचा मूत्रमार्ग चार सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून लघवी लवकर दिसते, पण दिसताच फुगा फुगवायचा नाही. आणखी अडीच ते पाच सेंटिमीटर आत सरकवायचं आणि मगच १० मिली निर्जंतुक पाणी भरायचं. सलाइन भरायचं नाही, कारण त्याचे स्फटिक बारीक वाहिनीत अडकले तर पुढे फुगा रिकामा होत नाही. कॅथेटर चुकून योनीमार्गात गेला तर तो तसाच राहू द्यावा आणि नवा घ्यावा. पहिला खुणेसारखा उपयोगी पडतो, आणि तोच काढून पुन्हा वापरला तर संसर्ग आत जातो. नव्या मुलींना मी हे दर वेळी सांगते, कारण घाईत हात आपोआप तीच नळी उचलायला जातो.

वीस मिनिटांत ९२० मिली बाहेर आली. एवढी लघवी एकदम सोडावी की मध्येमध्ये चिमटा लावावा, यावर जुनी शिकवण चिमट्याच्या बाजूची आहे. हळूहळू सोडल्याने धोका कमी होतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. आम्ही सलग सोडली, मात्र दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब आणि नाडी घेतली, लघवीत लाली येते का पाहिलं, आणि पुढचे काही तास दर तासाचं मोजमाप ठेवलं. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील पण जमिनीला टेकणार नाही, अशी अडकवली.

आजींनी माझं मनगट सोडलं आणि अर्ध्या तासात गाढ झोपल्या. गोंधळलेपण पूर्ण जायला दोन दिवस लागले, पण ती ओढाताण तिथेच थांबली.

आत काय होतं

डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासलं. आत दगडासारखा मळ अडकला होता. वरून येणारा पातळ मळ त्या बोळ्याच्या कडेने झिरपून बाहेर येत होता, आणि त्या झिरपण्यालाच आम्ही जुलाब म्हटलं होतं. हाच बोळा पुढच्या बाजूने मूत्राशयाच्या तोंडावर दाबही देत होता. लघवी तुंबायला ॲमिट्रिप्टिलीन आणि ट्रामाडॉल होतेच, त्यात ही भर.

मळाचं वर्णन करायला ब्रिस्टल मापपट्टी वापरतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली, सात प्रकारांची. पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा आणि सातवा निव्वळ पाण्यासारखा. पट्टी चांगली आहे, मी ती रोज वापरते. पण ती बाहेर आलेल्याचं वर्णन करते. आजींच्या डायपरवर सातवा प्रकार होता आणि आत पहिला. म्हणून प्रकाराच्या आकड्यासोबत प्रमाण आणि आधीची तारीख लिहिली नाही, तर एकट्या आकड्याने दिशाभूल होते.

कोणतं औषध द्यायचं नाही, यावर त्या सकाळी जास्त बोलणं झालं. फॉस्फेट एनिमा हाताशी होता, पण वय आणि क्रिएटिनिन पाहता तो नको ठरला. मूत्रपिंडं कमजोर असली आणि एनिमा आतच अडकून राहिला, तर फॉस्फेट रक्तात शोषलं जाऊन कॅल्शियम घसरतं आणि क्षारांचं गणित बिघडतं. मुलीने विचारलं, ‘सिस्टर, साधं इसबगोल देऊ का?’ मी तिला समजावलं, ‘ताई, ते पाणी धरून फुगतं. ज्यांचं आतडं चालतंय आणि जे भरपूर पाणी पितात त्यांच्यासाठी ते चांगलं. आईंच्या आतड्यात आत्ता वाट बंद आहे, तिथे फुगणारी वस्तू टाकली तर आणखी अडेल.’ लॅक्टुलोज या पातळ रेचकाला एक ते दोन दिवस लागतात, शिवाय वायू धरतो. बंद वाटेवर वरून जोराचं उत्तेजक रेचक दिलं तर नुसत्या कळा येतात. म्हणून आधी खालून वाट मोकळी करायचं ठरलं.

ग्लिसरीनच्या दोन सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायच्या औषधाच्या वड्या. डाव्या कुशीवर वळवलं, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो आणि औषध उताराने आत जातं. आजींची शस्त्रक्रिया उजवीकडची, त्यामुळे डावी कूस चालली. मात्र वरचा पाय आतल्या बाजूला घसरून सांधा निखळू नये म्हणून दोन पायांमध्ये जाड उशी ठेवली. सपोझिटरीची टोकदार बाजू आधी की बोथट, यावर मतं वेगळी आहेत. आपल्या विभागाची पद्धत आणि पाकिटावरची सूचना पाळावी. त्याहून महत्त्वाचं हे की ती मळाच्या गोळ्यात खुपसायची नाही. ती गुदाशयाच्या भिंतीला टेकली तरच काम करते. अर्ध्या तासाने थोडंसं बाहेर आलं, पण मुख्य बोळा जागचा हलला नाही.

मग डॉक्टरांनी बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून बोटाने थोडाथोडा मळ काढला. ही क्रिया शेवटचा उपाय म्हणूनच करायची. गुदाशय ताणला गेला की व्हेगस मज्जातंतू चाळवतो आणि नाडी एकदम मंदावू शकते. माझं एक बोट पूर्ण वेळ आजींच्या मनगटावर होतं. ९२ वरून नाडी ६४ वर आली तेव्हा मी ‘थांबा’ म्हणाले. दोन मिनिटांत ती ८० झाली, मग पुढे काम सुरू झालं. शेवटी ५०० मिली कोमट सलाइनचा एनिमा. नळीला जेली लावून आठेक सेंटिमीटर आत, पिशवी गुदद्वारापासून हातभर उंच, आणि कळ आली की चिमटा लावून आजींना तोंडाने लांब श्वास घ्यायला सांगायचं. बेडपॅन कडेने चपटं असलेलं, खुब्याच्या रुग्णांसाठी असतं ते.

दुपारपर्यंत पोट मऊ झालं. पाच दिवसांत पहिल्यांदा आजींनी जेवण मागितलं.

तक्ता पुन्हा वाचला तेव्हा

त्या दुपारी मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि डॉक्टरांसोबत एक-एक ओळ वाचली. लोपेरामाइड बंद. पॅरासिटामॉल ‘लागेल तेव्हा’ऐवजी ६५० मिग्रॅ दर सहा तासांनी ठरलं, ५२ किलो वजनाला किलोमागे १५ मिग्रॅ या हिशेबाने एका वेळची मर्यादा ७८० होते, म्हणून १००० ची गोळी दिली नाही. ते नियमित मिळू लागल्यावर ट्रामाडॉल फक्त व्यायामाच्या अर्धा-एक तास आधी, तेही दोनच दिवस लागलं. ॲमिट्रिप्टिलीन २५ वरून १० वर आली, पुढे थांबवायचं ठरलं. लोह आठवडाभर बंद. ऑन्डान्सेट्रॉन दोन दिवसांपासून कुणी दिलंच नव्हतं, पण तक्त्यावर जिवंत होतं, ते काटलं. मळ मऊ करणारं मॅक्रोगॉल पाकिटावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात कालवून तीन दिवस, त्यानंतर रात्री सेना, म्हणजे सोनामुखीचं रेचक. सेनाला आठ ते बारा तास लागतात, म्हणून ती रात्री द्यायची, म्हणजे सकाळी न्याहारीनंतर आतडं आपणहून हलतं तेव्हा तिचा उपयोग होतो.

त्या न्याहारीनंतरच्या वेळेला मी औषधाइतकंच मानते. जेवण पोटात गेल्यावर मोठ्या आतड्यात लाट उठते, सकाळी ती सर्वांत जोरदार असते. त्या अर्ध्या तासात स्पंज, ड्रेसिंग, राउंड, काहीही ठेवायचं नाही असं ठरवलं. आजींना वॉकरने उंच कमोड-खुर्चीवर नेलं, पडदा ओढला, दार लोटलं आणि घंटी हातात देऊन बाहेर थांबले. एरवी आपण पायाखाली पाट देऊन गुडघे कमरेपेक्षा वर घ्यायला सांगतो, त्याने मळ सहज उतरतो. नव्या सांध्याच्या रुग्णाला मात्र हा सल्ला द्यायचा नाही. खुबा काटकोनापलीकडे वाकला तर सांधा निखळण्याची भीती असते. म्हणून बैठक उंच, पाय जमिनीवर टेकलेले, आणि हात खुर्चीच्या दांड्यांवर.

आठव्या दिवशी कॅथेटर पुन्हा काढला. या वेळी डायपर लावला नाही. पावणेचार तासांनी कमोडवर १८० मिली लघवी झाली आणि स्कॅनरने ७० मिली शिल्लक दाखवली. दुसरी वेळ २२०, शिल्लक ४०. नवव्या दिवशी सकाळी ब्रिस्टलचा चौथा प्रकार, भरपूर. हे आकडे मी तक्त्यावर लिहिले तेव्हा जो आनंद झाला, तो या कामात नसलेल्या माणसाला सांगून कळायचा नाही.

पाच बरोबर, आणि सहावं

औषध देण्याचे ‘बरोबर’ मोजायला शिकवतात तेव्हा पाचपासून सुरुवात होते, पुढे पुस्तकागणिक सात, नऊ, दहा होतात: बरोबर नोंद, बरोबर कारण, बरोबर परिणाम, नकार देण्याचा हक्क. पहिल्या पाचांची तपासणी पाकीट, तक्ता आणि मनगटाची पट्टी पाहून होते. ‘कारण’ मात्र रुग्णाच्या अंगाला हात लावल्याशिवाय तपासता येत नाही. मी कागद वाचून थांबले, म्हणून सहावं हुकलं. आणखी एक गोष्ट मला खरीच खटकते. औषध देणं हा एक धडा आणि मलमूत्राची काळजी हा दुसरा धडा, असं आपण शिकतो आणि शिकवतो. पहिल्याला मान असतो, परीक्षेत प्रश्न असतो. दुसरा बेडपॅन आणि डायपरपाशी संपतो आणि हळूच मावशींकडे सरकतो. पण शरीरात या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. तोंडातून दिलेल्या गोळीचा हिशेब डायपरमध्ये लागतो.

वॉर्डात आम्ही थोडेच बदल केले. औषधांच्या तक्त्यावर सगळ्यात वर शेवटच्या शौचाची तारीख लिहायची. बरोबरची खूण किंवा रेघ चालणार नाही. ओपिऑइडचा आदेश आला आणि सोबत रेचक नसेल, तर त्याच ड्युटीत डॉक्टरांना विचारायचं. कॅथेटर काढल्यावर पहिल्या दोन लघव्या मिलीमध्ये. डायपर असेल तर वजन. जुलाबाचा फोन करण्याआधी पोटावर हात ठेवायचा आणि शेवटची तारीख सांगायची. ‘लागेल तेव्हा’ असा आदेश घेताना कारण, अंतर आणि २४ तासांची मर्यादा विचारून घ्यायची. सुरुवातीला तारखेचा रकाना कोरा राहायचा. मग सकाळच्या हँडओव्हरमध्ये ती तारीख मोठ्याने वाचायला लागलो, तेव्हापासून भरला जाऊ लागला. मावशींना आम्ही ओसंडून येणारा मळ आणि खरे जुलाब यातला फरक डायपर समोर ठेवून दाखवला. त्यानंतर अशी शंका दोनदा सर्वांत आधी त्यांनाच आली.

बाराव्या दिवशी आजींना सोडलं. मुलीपाशी बसून औषधांची यादी वाचली: ट्रामाडॉलच्या चार गोळ्या शिल्लक, घेतली तर त्या रात्री सेना घ्यायचीच, लोह पुन्हा सुरू झाल्यावर मळ काळपट दिसेल, त्याने घाबरायचं नाही, पण डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा झाला तर लगेच यायचं, तीन दिवस शौच झाली नाही आणि मग पातळ पाणी आलं, तर जुलाब थांबवायची गोळी द्यायची नाही, आधी फोन करायचा. मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग जरा थांबून तिने विचारलं, ‘त्या रात्री आई जायचंय म्हणत होती ते...?’ मी हो म्हणाले. आजींनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. वॉकर पुढे ठेवून त्या उठायच्या तयारीत होत्या.